नवतप्यातलं जर्मन

तिघंही हसले. टेबलामागे दोन सर आणि एक मॅडम बसल्या होत्या. आधी मॅडमनी ओठ दाबले, मग टक्कलवाल्या सरांनी पेन खाली ठेवला, आणि तिसऱ्यांनी मराठीत विचारलं, "बाळ, तू बोलते आहेस की प्रार्थना म्हणते आहेस?" माझी नात प्रणाली तोंड उघडं ठेवून तशीच बसली. पुढच्या वाक्याचा पहिला शब्द कोणता ते मला माहीत होतं, कारण ती सगळी वाक्यं मीच तिच्याकडून पाठ करून घेतली होती. तो शब्द आला नाही. कूलर घुरघुरत होता. त्याच्या हवेसाठी दार उघडं ठेवलं होतं, म्हणून बाहेरच्या बाकावरून मला सगळं दिसत होतं. त्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली असेल, किंवा एकच. मग मॅडम म्हणाल्या, "पुढच्या मुलीला पाठव."

नागपूरचं एक कॉलेज, बी.ए. जर्मनच्या प्रवेशाची तोंडी परीक्षा, आणि नवतप्याचा पहिला दिवस. दोन वर्षं झाली त्याला.

आज पुन्हा नवतपा लागला. मे सरत आला, सूर्य रोहिणीत शिरला, की पुढचे नऊ दिवस आमच्याकडे ऊन पडत नाही, ऊन बसतं. सकाळी सातलाच टिनाचं छप्पर टकटक वाजायला लागतं. हातपंपाचा दांडा पदरानं धरावा लागतो. कावळे चोच उघडी ठेवून निंबावर बसतात आणि ओरडत नाहीत. माणसं खिशात कांदा घालून बाहेर पडतात, पोरी डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात गुंडाळतात. कॉलेजवाल्यांना प्रवेश द्यायला हेच दिवस का सापडतात हे मला कोणी सांगितलेलं नाही. बारावीचा निकाल लागतो, आणि अख्ख्या जिल्ह्यातली पोरं कागदाच्या फायली डोक्यावर धरून उन्हात पळत सुटतात. फाईल डोक्यावर धरण्याचा तेवढाच खरा उपयोग मी पाहिला.

आमचं गाव सेलूपासून जवळ आहे. घरात तेव्हा आम्ही तिघी. माझा धाकटा मुलगा, म्हणजे प्रणालीचा बाप, ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा दिसतो. सून वनिता अंगणवाडीत मदतनीस आहे. ती कमी बोलते. मी जास्त बोलते. घराचं त्यामुळे बरं चालतं.

प्रणाली अकरावीला वर्ध्याच्या कॉलेजात गेली तेव्हा तिथे दुसऱ्या भाषेला चार गोष्टी होत्या: हिंदी, संस्कृत, पाली आणि जर्मन. माझा थोरला मुलगा भीमराव नागपूरला सरकारी खात्यात आहे. त्यानं फोनवर हुकूम सोडला, "पाली घ्याले लाव तिले. मार्क पडते. अन् आपली भाषा हाय."

पोरीनं जर्मन घेतली. गावात हसायला एक विषय झाला. आमच्याकडे अल्युमिनियमच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, जर्मनचं भांडं म्हणतात. समोरची शांताबाई रोज विचारायची, "काय व, नात जर्मनचे गंज विकते का आता?" मी म्हणायचे, "हो, तुले झाकण फुकट देतो."

पण मीही पोरीला विचारलं होतं. एका संध्याकाळी ती वर्ध्याहून एसटीनं आली, पाय धुऊन ओट्यावर बसली, तेव्हा म्हटलं, "काऊन व, जर्मनच काऊन?"

ती म्हणाली, "आजी, त्या भाषेत आपल्या मोहल्ल्याले नाव नाई."

आमच्याकडे बसस्टँडवर उतरलं की पहिला प्रश्न असतो, कोणत्या मोहल्ल्यातली. उत्तर दिलं की समोरच्याचं सगळं ठरतं, पेला कुठला द्यायचा ते सुद्धा. आता पेले सारखे असतात, कागदाचे. प्रश्न तोच आहे. सतरा वर्षांच्या पोरीला जर अशी भाषा सापडली असेल की जिच्यात या प्रश्नाला उत्तरच नाही, तर ती तिनं शिकावी. मला ते पटलं.

आणि परक्या भाषेचं म्हणाल तर मला कोणती भाषा परकी नव्हती? मी पहिलीत गेले तेव्हा गुरुजींनी पाटी पुढे केली आणि मी म्हटलं, "मले नाई येत." पाठीत छडी बसली. का, तर "मला येत नाही" म्हणायचं असतं. पुस्तकातली मराठी ही माझी पहिली परकी भाषा. ती छड्या खाऊन शिकले, चौथीपर्यंत. आज तिच्यातच लिहिते आहे. दुसरी हिंदी, नागपूरच्या बाजारात संत्र्याच्या टोपल्या विकताना आली. आणि या दोन्हींच्या मध्ये एक आली, पाली. छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा मी आठ वर्षांची होते. नागपूरहून एक तरुण माणूस सायकलवर यायचा आणि आम्हा पोरांना झाडाखाली बसवून बुद्धवंदना शिकवायचा. अर्थ त्यालाही धड येत नव्हता. त्यानं चाल शिकवली. चालीवर शब्द बसले ते आजतागायत हलले नाहीत. आमच्या आयाबापांना लिहितावाचता येत नव्हतं, पण महिन्याभरात सगळा मोहल्ला एका सुरात म्हणायला लागला, अशा भाषेत की जी आसपासच्या कोणत्याच गावात कोणाला कळत नव्हती. त्या वेळेलाही लोक हसले होते. आम्ही थांबलो नाही.

म्हणून प्रणाली जेव्हा रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजी, शब्द ध्यानातच राहात नाई," तेव्हा मला इलाज माहीत होता. मी म्हटलं, "वहीत आपल्या अक्षरात लिही. मी धरतो वही." तिनं जर्मन वाक्यं मराठी अक्षरांत लिहिली. मी चष्मा लावून एकेक अक्षर पाहायचे. चौथी पास असण्याचा इतका उपयोग मला जन्मात झाला नव्हता. ती चुकली की मी बोट ठेवायचे. आणि शब्द पळू नये म्हणून मी त्याला चाल लावली, मला येत होती ती, वंदनेची. "माझं नाव प्रणाली, मी अमुक गावात राहते, माझ्या घरी आई आणि आजी आहे" हे सगळं आम्ही दोघी संध्याकाळी ओट्यावर बसून लांब सुरात म्हणायचो. कपाशी निंदताना म्हटलं, तुरी निवडताना म्हटलं. वनिता चुलीपाशी बसून शेवटचा शब्द आमच्यात मिसळायची. बारावीला जर्मनच्या लेखी पेपरात पोरीला जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात नाव यावं इतके मार्क पडले. नाव आलं नाही, ते जाऊ द्या.

लेखी पेपराला सूर ऐकू येत नाही. नागपूरच्या त्या खोलीत तो ऐकू गेला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, दुपट्टा डोळ्यांवरसुद्धा ओढून. बाहेरून झळा येत होत्या. खिडकी लावली तर जीव घुसमटायचा, उघडली तर तोंड भाजायचं. बुटीबोरी गेलं. मी पिशवीतून पन्ह्याची बाटली काढली. तिनं हात लावला नाही. मी प्याले.

लोकांना वाटतं की अशा वेळी म्हातारीनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा. मी फिरवला नाही. मला राग आला होता. त्या तिघांचा आला होता, पण जास्त माझा. मी तिला दोन वर्षं चुकीच्या सुरात घोकवून घेतलं होतं, आणि तिच्या वर्ध्याच्या मॅडमच्या वर्गात साठ पोरं होती, तिला कधी कोणी उभं करून बोलायला लावलं नव्हतं. चूक झाली होती. पण त्या चुकीची लाज मला तेव्हा वाटली नाही आणि आजही वाटत नाही. ज्याच्या घरात शिकवायला कोणी नसतं तो घरात असेल ते वापरतो.

तीन दिवस ती बोलली नाही. जर्मन तर नाहीच, मराठीही नाही. जेवायची, भांडी घासायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. दुसऱ्या एका कॉलेजची तोंडी परीक्षा नवतप्याच्या नवव्या दिवशी होती. तिथला कागद फोनवर आलेला होता. त्या दोन कॉलेजांशिवाय जर्मनला तिनं कुठे अर्जच केला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी ती पहिलं वाक्य बोलली, "मी नाई जात. सेलूच्या कॉलेजात फॉर्म भरतो."

आणि तिनं ती वही नेऊन चुलीशेजारच्या पऱ्हाटीच्या ढिगात खुपसली. आमच्याकडे कपाशीची वाळलेली झाडं जळण म्हणून वापरतात. संध्याकाळच्या भाकरीपर्यंत वही गेली असती. वनितानं ती बाहेर काढली, पदरानं पुसली, आणि डाळीच्या डब्यावर ठेवली.

तेवढ्यात भीमरावाचा फोन आला. त्याला बातमी लागलीच होती.

"माय, मी सांगतलं होतं का नाई? पाली घेतली असती तर आता कुठच्या कुठी असती. आपली भाषा सोडून जर्मन!"

"आपली म्हणतोस, तुले पाच ओळीचा अर्थ येते का रे?"

"अर्थाचा काय संबंध इथं?"

"मंग ठेव फोन."

फोन ठेवल्यावर मी पोरीला समोर बसवलं. म्हटलं, "आयक. तू त्याइच्यापुढे वंदना म्हणलीस. ते माहं शिकवणं. पण मी माफी मागत नाई. मले जे येत होतं ते मी तुले देलं. आता मले अजून एक येते, ते घे."

"काय?"

"भांडण."

तिनं पहिल्यांदा मान वर केली.

ते खरं होतं. मी जन्मभर भांडले आहे. हातपंपावर भांडले, रेशनच्या दुकानात भांडले, तलाठ्याशी भांडले, नवऱ्याशी तर तो गेला त्या सकाळीसुद्धा भांडले, त्याच्या औषधावरून. भांडणाला चाल नसते. भांडताना कोणी गात नाही. पुढचा काय म्हणेल ते आधी माहीत नसतं, म्हणून पाठ करता येत नाही. मी म्हटलं, "आजपासून तू माह्याशी फक्त जर्मनात बोलाचं. मी आपल्या बोलीत बोलीन. भाकर पाहिजे तरी जर्मनात भांड."

वनिता म्हणाली, "आई, तुमाले समजन का?"

"मले समजाची गरज नाई. मले राग आला पाहिजे."

त्या दिवशी तिनं पुस्तकातलंच एक वाक्य म्हटलं, अर्धं गात. मी विचारलं, काय म्हटलंस? ती म्हणाली, "आजी वृद्ध आहे, ती खेड्यात राहते." मी म्हटलं, "मले राग आला नाई. म्हणजे भांडण झालं नाई. पुन्हा." मग मी तिच्या केसांना नाव ठेवलं, तिच्या मैत्रिणींना नावं ठेवली, तिच्या फोनला ठेवली. ती चिडून एखादा शब्द फेकायची. एक शब्द मला लवकर कळला, कारण ती तो दर वेळी फेकायची: वारुम. म्हणजे काऊन. मी म्हणायचे, "काऊन म्हणजे? मी सांगतो म्हणून!" शांताबाई कुंपणापाशी येऊन उभी राहायची. "अवं, तुमच्या घरी काय सुरू हाय?" मी म्हणायचे, "शाळा."

सूर मात्र जात नव्हता. राग आला तरी तिसऱ्या शब्दाला तो परत यायचा, शेपूट लांबवायचा. सहाव्या दिवशी रात्री तीच म्हणाली, मराठीत, "आजी, तो निंघतच नाई." मी म्हटलं, "झोप."

सातव्या दिवशी आमच्या घरी सरगुंडे घातले होते. कणकेची बारीक वळी काडीला गुंडाळायची, उन्हात वाळवायची. पावसाआधी घरोघर होतात. सकाळी अंगणात खाट टाकली, धोतर अंथरलं, त्यावर सरगुंडे. शेळी येऊ नये म्हणून मी काठी घेऊन शेजारी बसले, निंबाखाली. अकराला लाईट गेली. बाराला सावली सरकली आणि मी सरकले नाही. प्रणाली दारातून हाका मारायला लागली, आत ये. मराठीत. मी म्हटलं, "मराठीत येत नाई मी. जर्मनात बोलाव, मी उठली पाहिजे अशी बोलाव." तिनं बोलावलं. सूर लागला. मी उठले नाही. तिनं पुन्हा बोलावलं. पुन्हा सूर. मी म्हटलं, "पुन्हा."

हा हट्ट होता. म्हातारपणी माणूस शहाणं होतं असं कोणी सांगत असेल तर त्यानं मला विचारावं. मला तहान लागली होती, ती गेली. घाम येत होता, तो थांबला. जीभ मातीच्या ढेकळासारखी झाली. पांढऱ्या धोतरावरचे सरगुंडे हलायला लागले, अळ्यांसारखे. काठी कधी सुटली ते आठवत नाही.

आठवतो तो आवाज. कोणीतरी मला काखेत धरून ओढत होतं, टाचा जमिनीला भाजत होत्या, आणि माझ्या कानाशी कोणीतरी ओरडत होतं. थांबत नव्हतं. शब्द मला एक कळत होता, वारुम, आणि तो चार वेळा आला. बाकीचं काय होतं ते पोरीनं मला कधी सांगितलं नाही. आजीला मराठीत ते बोलणं तिला जमलं नसतं. ज्या भाषेत मला कळणार नाही, त्या भाषेत तिनं मला सगळं सुनावलं, माझ्या हट्टाबद्दल, त्या तिघांबद्दल, वंदनेबद्दलही असेल. डोळे मिटलेले होते, पण कान शाबूत होते. त्यात सूर नव्हता. एका शब्दालाही नव्हता.

वनितानं कैऱ्या भाजल्या, गर अंगाला चोळला, तळपायाला कांदा घासला. मग रिक्षा करून दवाखान्यात नेलं, सलाईन लागली. संध्याकाळी भीमराव गाडी घेऊन आला आणि खाटेशी उभा राहून ओरडला, "माय, जीव गेला असता तुहा, त्या जर्मनपायी!"

मी म्हटलं, "गेला असता. गेला नाई."

"अन् ह्या पोरीले काई वाटते का?"

प्रणाली कोपऱ्यात उभी होती. तिनं काकांकडे पाहिलं आणि सरळ आवाजात म्हणाली, "काका, परवा माही परीक्षा हाय. मी जाऊन राह्यली."

भीमराव गाडीनं सोडतो म्हणाला नाही. आम्हीही मागितलं नाही.

नवव्या दिवशी मायलेकी पहाटेच्या बसनं गेल्या. मी घरी पडून होते. शांताबाई उशाशी बसून ताक पाजत होती आणि मला शिव्या देत होती. माणूस असा असतो. दुपारभर मला त्या खोलीतलं काही ऐकू येणार नव्हतं, कळणार नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा वही माझ्या हातात नव्हती, ते मला जड गेलं, एवढं कबूल करते.

संध्याकाळी वनितानं सांगितलं ते असं, काही तिनं दारातून पाहिलेलं, काही पोरीनं बसमध्ये तिला सांगितलेलं. टेबलामागे या वेळी दोघं होते. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. पाठ केलेलं उत्तर होतं, तिनं ते दिलं नाही. तिनं सांगितलं की घरी एक आजी आहे, ती ऐकत नाही, परवा उन्हात बसून मरायला टेकली होती. मध्ये तीन ठिकाणी तिला त्यांनी दुरुस्त केलं, तिनं दुरुस्त करून घेतलं. मग त्यातला एक हसला. कशावर ते वनिताला दाराबाहेरून कळलं नाही, पोरीनंही सांगितलं नाही. पण पोरीनं तिथल्या तिथे विचारलं, का हसता? त्यांच्याच भाषेत, आपण तलाठ्याला विचारतो तसं. त्या माणसानं कारण सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि पुढे बोलली.

"अन् सूर?" मी विचारलं.

वनिता म्हणाली, "आई, मले तर भांडणच वाटलं."

पहिल्या यादीत नाव नव्हतं. शांताबाई म्हणाली, पाहा. दुसऱ्या यादीत होतं, शेवटून दुसरं. शेवटून असलं तरी बाक तोच मिळतो आणि पुस्तकही तेच. भीमरावानं फोन करून होस्टेलचा पत्ता विचारला, मी म्हटलं, तिलाच विचार.

आता ती दुसरं वर्ष संपवते आहे. गावातले लोक भेटले की विचारतात, "कुठी लागली का नात?" म्हणजे नोकरीला. मी सांगते, "नाई लागली. शिकून राह्यली." त्यांना हे उत्तर अपुरं वाटतं. वाटू दे. आमच्या आयांनी न कळणारी भाषा तोंडपाठ केली तेव्हा त्यांना कोणती नोकरी लागणार होती? शिकणं हे लागण्यासाठीच असतं असं ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकल्या आहेत त्यांनी म्हणावं. आमच्या घरात हिशेब वेगळा आहे. आधी तोंड उघडलं पाहिजे.

मला कोणी म्हणतं, वंदनेची चाल तिला द्यायला नको होती. मी ते मानत नाही. त्या चालीवर तिनं दोन वर्षं शब्द गोळा केले. नंतर ते फेकून मारायला शिकली. गोळा केलेच नसते तर काय फेकलं असतं, कणकेचे सरगुंडे? आणि त्या पहिल्या तिघांना मी माफ केलेलं नाही. दोन वर्षांत केलं नाही, पुढेही करणार नाही. ते मोठे शिकलेले होते. त्यांना एवढं विचारता आलं असतं की पोरी, हा सूर कुठून आला. त्यांनी विचारलं नाही. ते त्यांचं अज्ञान आहे, आमचं नाही.

बाहेर ऊन बसलं आहे. कूलरच्या ताट्या ओल्या झाल्या की गवताचा वास येतो, तो सगळ्या घरात पसरला आहे. वनिता अंगणवाडीतून आली, माठातलं पाणी प्याली आणि मी बाहेर तर बसले नव्हते ना, हे पाहायला तिनं माझ्या पायांना हात लावून पाहिला. दर दुपारी पाहते.

त्या वर्षीच्या नवतप्यात आमच्या गावात उन्हानं दोन माणसं गेली, एक मेंढरं राखणारा आणि एक माझ्याच वयाची बाई. आमच्या घरात तेव्हा तिघी होतो, पंचाहत्तर वर्षांची मी, बेचाळीसची वनिता आणि अठराची प्रणाली. तिघीही जगलो.